लोगोवर अंगठा ठेवा आणि गाडी ओळखा

फोंडेकर

गेल्या आठवड्यात पर्वरीहून पणजीला येताना अटल सेतूवर पाऊण तास अडकलो. पाऊस असा, की वायपर फुल स्पीडला लावूनही पुढचं धड दिसेना. शेजारी अकरा वर्षांचा भाचा. मोबाईल बंद पडल्यावर त्यानेच खेळ काढला: लोगो बघायचा नाही, काचेवर जे लाल दिवे पसरलेत त्यांच्यावरून पुढची गाडी ओळखायची. पोरगा धडाधड सांगत होता. स्विफ्ट, थार, नेक्सॉन, जुनी इनोव्हा. अडखळला फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा समोर होती ती रांगेतली सगळ्यात महागातली गाडी. दोन्हींच्या डिकीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाल पट्टी. रांग हातभर सरकली, लोगो दिसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. कोट-दीड कोटाची गाडी, आणि ओळखायला पाटी वाचावी लागली! तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

माझ्याकडे स्वतःची अशी महागडी गाडी नाही. आय-ट्वेन्टी आहे, तीही घासलेली. पण बघायचा नाद शाळेपासूनचा, आणि तो आजोबांकडून आला. आजोबा पोर्तुगीज काळात एका भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, शोफेर होते. काळी मर्सिडीज १८०. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू डावीची उजवी केली, पण गोव्यात डावीच ठेवली. त्यामुळे मुक्तीनंतर बाकी सगळं बदललं तरी गाडी चालवायला नव्याने शिकावं लागलं नाही, हे ते हसत हसत सांगायचे. दुसरी गोष्ट सांगायचे ती दाराची. गाडी अंगणात लावून दार ओढलं की भाटकार आत माजघरात बसल्या बसल्या म्हणायचा, "आली आमची." आवाजावरून! लोगो सोडाच, गाडीसुद्धा दिसत नव्हती.

तर माझं म्हणणं एवढंच, की लोगोवर अंगठा ठेवा. तरीही गाडी ओळखू आली तर डिझाइनरने काम केलंय. एरवी तुम्ही पाटीचे पैसे भरलेत.

मर्सिडीजचे ब्रुनो साक्को या परीक्षेत पैकीच्या पैकी. १९७५ ते १९९९ ते तिथल्या डिझाइनचे प्रमुख होते. त्यांचा आग्रह असा, की कंपनीच्या लहान-मोठ्या सगळ्या गाड्या एका घरातल्या वाटाव्यात आणि नवं मॉडेल आलं म्हणून जुनं म्हातारं दिसू नये. त्यांच्या हाताखाली झालेली १९७९ ची एस-क्लास आज एखाद्या लग्नात फुलं लावून उभी दिसली तरी जुनाट वाटत नाही, नुसती वडीलधारी वाटते.

आता बीएमडब्ल्यूची किडनी ग्रिल घ्या, म्हणजे पुढच्या तोंडावरची मूत्रपिंडांच्या जोडीसारखी जाळी. १९३३ च्या ३०३ मॉडेलवर ती पहिल्यांदा आली. रेडिएटरला हवा पाहिजे, हवेला भोकं पाहिजेत, म्हणून ती जोडी. पुढे कधी उभी, कधी आडवी, पण बहुतेक वेळा बेताची. २०२० साली नवी ४ सीरिज आली आणि ती बंपरच्या तळापर्यंत उतरली. इथवरही एक वेळ ठीक. पण इलेक्ट्रिक आयएक्सला असली भोकं कशाला? तिथे ती बंद आहे, मागे कॅमेरा आणि सेन्सर बसवलेत, आणि वरच्या थराला बारीक ओरखडे पडले तर ते ऊब मिळाल्यावर आपोआप भरून येतात. तंत्र म्हणून झकास, वादच नाही. पण किडनीचं काम बंद आणि आकार दुप्पट, हे लक्षण डॉक्टरला विचारा कशाचं ते.

माझा अंदाज असा. पूर्वी गाडीचा वेगळेपणा इंजिनात होता, स्टिअरिंगमध्ये होता, दार लागण्यात होता. बॅटरीवर आल्या तशा सगळ्याच गाड्या शांत झाल्या, सगळ्याच झटक्यात पळायला लागल्या. मग वेगळेपण दाखवायला उरलं काय? तोंड. म्हणून तोंड मोठं.

तुम्हाला काय वाटतं? आणि "आधी घेऊन दाखव" असं कोणी लिहिणार असेल तर आधीच कबूल करतो, नाही घेऊ शकत.

उगाच_एक

माझ्या अ‍ॅक्टिव्हावर अंगठा ठेवा, अख्खा म्हापसा बाजार ओळखतो. आरसा एकच आहे.

चोर्ला_घाट

फोंडेकरबाब, लिहिलंय छान, पण ते अंगठ्याचं मला पटलं नाही.

तुम्ही पाटीला फार हलकं लेखता. ब्रँड म्हणजे आधी गोष्ट असते, पत्रा नंतर. मर्सिडीज हे नाव कुणाचं? एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं. त्याने गाड्या विकत घेतल्या, शर्यतीत उतरवल्या, पोरीचं नाव दिलं, आणि ते नाव बनवणाऱ्याच्या नावापेक्षा मोठं झालं. ऑडीचं तर आणखी मजेचं. ऑगस्ट हॉर्श स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला, नव्या कंपनीला आपलं आडनाव लावायची बंदी आली. हॉर्श म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक', तर त्याने लॅटिनमधलं 'ऐक' घेतलं: ऑडी. चार कड्या म्हणजे १९३२ साली एकत्र आलेल्या चार कंपन्या. बीएमडब्ल्यूचा निळा-पांढरा गोल म्हणजे फिरता पंखा, असं निम्मं जग समजतं. मुळात ते बव्हेरियाचे रंग आहेत. कंपनीनेच १९२९ च्या एका जाहिरातीत विमानाच्या पंख्यावर तो गोल दाखवला आणि लोकांनी तेच धरून ठेवलं. खोटी गोष्ट, पण शंभरीला आली तरी चालतेय.

आता तुमच्या मुद्द्यावर घाव. जग्वार. इयन कॅलम यांची एक्सएफ, एफ-टाइप या गाड्यांचा लोगो झाकायचीही गरज नाही, अर्धा फेंडर दिसला तरी कळतात. तुमच्या परीक्षेत पहिला नंबर. मग गिऱ्हाइकं का नाही आली? टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून २.३ अब्ज डॉलरना घेतली. तेव्हापासून घर चालवलं ते लँड रोव्हरने, देखणी बहीण बसून राहिली. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये जग्वारने जाहिरात काढली ज्यात गाडीच नव्हती, नुसती भडक कपड्यांतली माणसं. जगाने खिल्ली उडवली. पुढच्याच महिन्यात मायामीत टाइप ०० ही नमुन्याची गाडी. लांबलचक नाक, मागे काच नाही, गुलाबी आणि निळा. मलाही ती आवडली नाही, पण त्यांचा नाइलाज समजतो. ओळखू येत होती, तरी कोणी घेत नव्हतं.

कुळागर

चोर्लांशी सहमत. मी बँकेत होतो, वाहन कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

चीनला खनिज जात होतं तेव्हाची गोष्ट. साखळी, उसगाव, कुडचडे. काल ज्याच्याकडे दोन टिपर होते त्याच्याकडे आज दहा, आणि पोर्चमध्ये पांढरी जर्मन गाडी. पांढरी कशाला घेता, आठवड्यात लाल होते, असं मी एकाला म्हटलं. तो म्हणाला, "साहेब, लाल झाली तर कळतं ना धंदा कुणाचा ते." त्याला त्या गाडीच्या डिझाइनचं काही पडलं नव्हतं. त्याला चिन्ह पाहिजे होतं: सोयऱ्यांसाठी, बँकेसाठी आणि शेजारच्या टिपरवाल्यासाठी.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. घरातून पहिल्यांदा गेली ती ही गाडी, टिपर नंतर. विकत घ्यायला आलेले दोनच गोष्टी विचारत, कुठल्या कंपनीची आणि किती फिरली. दाराचा आवाज कोणी ऐकला नाही.

आणखी एक. जर्मनीत गाडी बुक करताना मागचा मॉडेलचा नंबर लावू नका असं सांगता येतं, पैसे पडत नाहीत, आणि असे सांगणारे पुष्कळ. आपण छोटं मॉडेल घेतो आणि मोठ्या मॉडेलचं अक्षर बाजारातून आणून चिकटवतो. मला यात हसण्यासारखं वाटत नाही. ज्याला नाव मिळून चार पिढ्या झाल्या तो नाव लपवू शकतो.

मेस्त्रीचा_पोर

चिखलीला आमचं गॅरेज आहे, वडिलांच्या हातचं. मी डिझाइन शिकलेलो नाही, पण या गाड्या उघडतो रोज. कंपन्यांची नावं घेत नाही, गिऱ्हाइकं वाचतात.

तुम्ही सगळे लांबून बघताय. समुद्रापासून दोन किलोमीटरवर या आणि सांगा कुठली गाडी किती महाग ते. खारं वारं लोगो वाचत नाही.

क्रोमचं बघा. जुन्या गाडीचा बंपर स्टीलचा. गंज धरला तर काढायचा, घासायचा, परत निकेल-क्रोम चढवायचा, पंधरा दिवसांत नवरीसारखा. आताचं क्रोम बहुतेक प्लास्टिकवर असतं. दोन-तीन पावसाळ्यांत खालून फोड येतात, मग पापुद्रा सुटतो, त्याच्या कडेने हात कापतो. दुरुस्ती नाही, पट्टी नवीनच घ्यायची. हल्ली कंपन्या क्रोम कमी करून काळं, चकचकीत प्लास्टिक लावतायत. युरोपात क्रोम चढवायच्या रसायनावर निर्बंध आलेत हे एक कारण, फॅशन हे दुसरं. त्या काळ्यावर लाल धूळ बसली आणि कोणी कोरड्या फडक्याने पुसली, की पहिल्याच पुसण्यात बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं.

फोंडेकर म्हणतात ती मागची लाल पट्टी. दिसते एकसंध, म्हणून बसवलेलीही एकसंध. एका गिऱ्हाइकाच्या पट्टीला डाव्या कोपऱ्यात भाड्याच्या स्कूटरने टेकवलं. बोटभर तडा. पण आत पाणी शिरलं आणि अख्खी पट्टी बदलावी लागली. त्या पैशांत ती स्कूटर आली असती, वर हेल्मेट.

लेदरला जुलैत बुरशी येते. मी सांगतो, दर दोन दिवसांनी उन्हाची तिरीप आली की दारं उघडी टाका. लोक कव्हर घालून मुंबईला जातात, चतुर्थीला येतात आणि दार उघडल्यावर माझ्याकडे फोटो पाठवतात. हिरवा गालिचा.

आणि २१ इंची चाकं. टायरची जाडी मूठभर, आपल्या रस्त्यांवर खड्डा हातभर. रोल्स रॉइसच्या चाकाच्या मधोमध ती दोन अक्षरं असतात ना, ती चाक फिरलं तरी सरळच राहतात, आत वजन असतं. एवढी हौस मला पटते, कारण तिचा कुणाला त्रास नाही. पण मूठभर टायर? कागदावर गाडी देखणी दिसते म्हणून. चित्र काढणारा नेहमी चाक मोठं काढतो, आमच्या आर्ट टीचरनी शाळेतच सांगितलेलं.

अबोली

पुरुषांनो, पूर्ण धागा वाचला. पुढचं तोंड, मागचे दिवे, चाकं, चिन्हं. गाडीच्या आत माणूस बसतो, हे कुणाच्या लक्षात आहे का?

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. गेल्या वर्षी नवऱ्याच्या साहेबांनी आम्हाला मंगेशीला न्यायला त्यांची मोठी सलून गाडी पाठवली. सीट इतकी खाली, की आईला आत सोडताना विहिरीत घागर सोडल्यासारखं वाटलं. बाहेर काढायला मी आणि ड्रायव्हर. परतताना ती म्हणाली, "अँबेसिडर बरी होती गो." खरंच बरी होती. दार उभं, सीट खुर्चीएवढी, टेकलं की बसलं. ऐट तिच्यातही होती, मंत्री त्यातूनच फिरायचे.

रोल्सची मागची दारं उलटी उघडतात, दारातच छत्री ठेवायची जागा असते, हे मी ऐकलंय. ज्याने ते केलं त्याने पावसात म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरताना बघितलं असणार. मला डिझाइन म्हणजे ते वाटतं. तुमच्या अंगठ्याच्या परीक्षेत छत्रीला किती मार्क?

आणि त्या गाडीत एसी कमी करायला स्क्रीनमध्ये शिरावं लागत होतं. ड्रायव्हर बोरीच्या वळणांवर बोटाने काहीतरी सरकवत होता, मी डोळे मिटून मंगेशाचं नाव घेत होते.

फोंडेकर

अबोलीताई, छत्रीला पैकीच्या पैकी. मार खाल्ला, मान्य.

स्क्रीनबद्दल तुमच्या बाजूने एक माहिती. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून ठरवलंय, की इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीचं बटण ही हाताला लागणारी बटणं नसतील तर पाचाचे पाच तारे अवघड. एसी त्यात नाही, पण वारं फिरलंय. मर्सिडीजची ती हायपरस्क्रीन, ५६ इंचांची काच एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, मी एकदा शोरूममध्ये बघितली. पाच मिनिटं तोंड उघडं राहिलं. सहाव्या मिनिटाला त्यावर माझ्याच बोटांचे ठसे दिसले.

चोर्ला, जग्वारचा घाव बसला. दोन दिवस विचार करतोय. एवढंच म्हणेन, की १९६१ ची ई-टाइप ज्यांनी आखली ते माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेले, हवा कशी वाहील याचा हिशेब मांडणारे. ती सुंदर झाली, पण मुळात ती पळण्यासाठी होती आणि त्या वेळच्या बरोबरीच्या गाड्यांपेक्षा स्वस्तही होती. ओळख आणि मोल दोन्ही हातात हात घालून आलं. एफ-टाइपच्या वेळी लोकांना एसयूव्ही पाहिजे होती. तेव्हा परीक्षेत पास झालेल्याला नोकरी मिळेलच असं नाही, हे मान्य. पण म्हणून परीक्षाच रद्द? टाइप ०० लोगो झाकूनही ओळखू येते, ही गंमत बघा. खिल्ली उडवणाऱ्यांनीही ती चुकून दुसऱ्याची समजली नाही.

कुळागर, तुमचा तो लाल होणाऱ्या पांढऱ्या गाडीचा मालक मला फार आवडला. पण अक्षरं-आकडे चिकटवण्याबद्दल थोडा वाद घालतो. निदान आकड्यांना अर्थ असायचा. १९६८ ला मर्सिडीजने सलूनमध्ये ६.३ लिटरचं इंजिन घातलं आणि मागे ६.३ लिहिलं. तोच ६३ मर्सिडीजच्याच २०२२ साली आलेल्या एएमजी सी ६३ वर आहे, आणि बोनेटखाली दोन लिटर, चार सिलिंडर, जोडीला इलेक्ट्रिक मोटर. ताकद जुन्यापेक्षा जास्त, नाकारत नाही, पण आकडा आता आकडा राहिला नाही, आडनाव झाला. ऑडीने तर ठरवलं, की सम आकडा इलेक्ट्रिकला, विषम पेट्रोल-डिझेलला. त्या नादात चांगल्या चालत्या ए४ ची ए५ केली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलं, राहू दे, पूर्वीसारखंच. म्हणजे इकडे आपण अक्षर चिकटवतोय आणि तिकडे कंपनीलाच माहीत नाही कुठलं चिकटवायचं.

बीएमडब्ल्यूने मात्र २०२५ च्या नव्या आयएक्स३ ला किडनी परत लहान, उभी, जुन्या वळणाची दिली. मी बोललो म्हणून नसेल.

उगाच_एक

मग घ्यावी कुठली? बजेट बारा लाख.

चोर्ला_घाट

सहा वर्षं जुनी जर्मन मिळेल. मग मेस्त्रीच्या पोराला दत्तक घ्या.

मेस्त्रीचा_पोर

घेऊ नका. मी आत्ताच चौघांना दत्तक गेलोय.

फोंडेकर, तुमच्या आजोबांची ती १८० वाचून वडिलांना सांगितलं. ते उठून आतल्या फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. त्यात मर्सिडीजचा बोनेटवरचा तारा. तीन टोकं, जमीन, पाणी, आकाश, खाली स्प्रिंग अजून शाबूत. कुठल्या गाडीचा ते त्यांना सांगता येत नाही. पासष्ट-सहासष्टच्या सुमारास एक काळी गाडी त्यांच्या वडिलांकडे भंगारात आली होती, पत्रा, इंजिन सगळं गेलं, हा राहिला. एवढी वर्षं झाली, समुद्र दोन किलोमीटरवर, आणि एक ठिपका गंज नाही. स्टेनलेस नाही, पितळेवर चढवलेला असावा असं ते म्हणतात, मी घासून बघितला नाही.

फोंडेकर

आमच्या भाटकाराची गाडी मुक्तीनंतर चार-पाच वर्षांनी गेली असं आजोबा म्हणायचे. कुणाला दिली ते नाही सांगितलं कधी. अशा काळ्या १८० गोव्यात तेव्हा काही एकच नव्हत्या, त्यामुळे उगाच डोळ्यांत पाणी आणत नाही.

पण तारा बघायला येऊ का? रविवारी सकाळी? भाच्यालाही आणतो.

मेस्त्रीचा_पोर

या की. दहापर्यंत या, नंतर वडील मासळी बाजारात जातात. गॅरेजवर पाटी नाही, पत्र्याचं निळं दार बघा. नाही सापडलं तर कुणालाही विचारा.

अबोली

गॅरेजवर पाटी नाही म्हणे! फोंडेकर, करा आता परीक्षा.